उंच टॉवरची तपासणी : तीस वर्षं थांबायचं का?

गिरणगावकर

आमचा टॉवर परळ भागातला, १८० मीटरच्या आसपास. मागच्या वर्षी बिल्डरकडून कारभार सोसायटीकडे आला आणि मी कमिटीत आहे. हस्तांतराच्या वेळी कागदांची खोकी मिळाली. त्यांत लिफ्ट, फायर पंप, एसटीपी, डीजी सेट, सगळ्याच्या फायली निघाल्या. इमारतीच्या सांगाड्याबद्दल मात्र एकच पान : स्टॅबिलिटी सर्टिफिकेट. गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूमच्या मागे एक राखाडी पेटी आहे, तिच्यावर 'अ‍ॅक्सेलरोमीटर' असा स्टिकर. किल्ली कोणाकडे, नोंदी कुठे जातात, कोणी सांगू शकलं नाही. वॉचमन तिला डिश अँटेनाची पेटी समजत होता.

मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाप्रमाणे इमारत ३० वर्षांची झाली की स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट आहे. म्हणजे आम्हाला पहिली १५ वर्षं कोणी काही विचारणार नाही. चार-सात मजल्यांच्या इमारतीला हे चालत असेल. पन्नास मजल्यांना, तेही समुद्राच्या वाऱ्यात, हे पुरेसं नाही असं माझं ठाम मत आहे. मोजणी पहिल्या वर्षापासून व्हायला हवी आणि ती सोसायटीच्या ताब्यात असायला हवी.

उंच इमारतीत राहणारे किंवा या कामातले कोणी इथे आहेत का? काय मागायचं, कोणाकडे मागायचं?

सुगरण_ठाणे

आमच्या २८ मजल्यांच्या इमारतीत अशी पेटीसुद्धा नाही. वाचते आहे. वाचनखूण साठवली.

ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, गेली बरीच वर्षं उंच इमारतींचीच कामं करतोय. गिरणगावकर, ती पेटी हौसेने बसवलेली नाही. ५० मीटरच्या वरच्या काँक्रीट इमारतींसाठी आयएस १६७०० हे मानक २०१७ मध्ये आलं. त्यात भूकंप झोन ३ आणि ४ मध्ये १५० मीटरच्या वरच्या इमारतींना तीन दिशांची हालचाल टिपणारे अ‍ॅक्सेलरोमीटर बसवायला सांगितलं आहे. मुंबई झोन ३ मध्ये येते. पेटी लागली, ओसी (वापर परवाना) मिळाली आणि विषय संपला, असं अनेक ठिकाणी झालेलं मी पाहिलंय.

त्या पेटीतून काय कळतं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक इमारतीची स्वतःची एक डुलण्याची लय असते. ढोबळ हिशेब असा की ४६ ला उंचीने, म्हणजे मीटरने, भागलं की सेकंदाला किती हेलकावे ते येतं. तुमच्या १८० मीटरला एक हेलकावा साधारण चार सेकंदांचा. इमारत हलवून बघायची गरज नसते. वारा, खालची रहदारी, लिफ्टची ये-जा यांनी ती सतत सूक्ष्म हलतच असते. गच्चीवर आणि मधल्या दोन-तीन मजल्यांवर सेन्सर ठेवून तासभर नोंद घेतली की ही लय मिळते. सांगाड्याचा ताठपणा कमी झाला की हेलकावा लांबतो.

पण यात एक मोठी मेख आहे. लॉस एंजेलिसजवळ कॅलटेकमध्ये मिलिकन लायब्ररी नावाची नऊ मजली इमारत आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिची कंपनं मोजत आलेत. पाऊस पडला की तिची लय बदलते, जोराचा वारा सुटला की बदलते, उन्हाने बदलते. १९७१ च्या सान फर्नांडो भूकंपानंतर लय खाली आली ती पूर्ण परत आलीच नाही. २००३ पर्यंत पूर्व-पश्चिम दिशेतली कंपनसंख्या मूळच्या मानाने २२ टक्क्यांनी घटली होती, आणि तरी सांगाड्याला डोळ्यांना दिसेल असं नुकसान नव्हतं. त्यामुळे एका दिवशीचा आकडा घेऊन कोणी 'इमारत ठीक' किंवा 'इमारत धोक्यात' असं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे पावसाळा आहे, मे महिना आहे. दोन-तीन वर्षांची ये-जा हाताशी असेल तरच त्याबाहेरचा बदल ओळखता येतो. म्हणून सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी सर्वांत मोलाच्या, आणि नेमक्या त्याच गायब होतात.

डोंबिवली_फास्ट_नाही

विषय चांगला आहे, पण प्रामाणिकपणे विचारतो. आमच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) पार्किंग आणि बाथरूमची गळती यांपलीकडे चर्चा जात नाही. रंगकामाला पैसे द्या म्हटलं तरी निम्मे सभासद हात वर करत नाहीत. सेन्सर, डेटा, कन्सल्टंट यांना मंजुरी कशी मिळणार? आणि बिल्डिंग आरसीसीची, नवी. काँक्रीटचं आयुष्य पन्नास-साठ वर्षं धरतातच ना?

ओळंबा

@डोंबिवली, नवी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गुरुग्राममध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये एका १८ मजली इमारतीतले स्लॅब एकावर एक कोसळले, दोन महिला गेल्या. इमारत दहा वर्षांचीही झाली नव्हती. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्येच क्लोराइड सापडलं. सळ्या आतून गंजत होत्या आणि वरून रंगरंगोटी चालू होती. पहिल्या चार-पाच वर्षांत कोणी हाफ-सेल चाचणी (विजेच्या दाबावरून सळ्यांचा गंज ओळखणारी) केली असती तर गंज सुरू झाल्याचा सुगावा लागला असता.

मॅनहॅटनचा_वारा

न्यू जर्सीहून. मॅनहॅटनमधल्या सिटीकॉर्प सेंटरचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून लिहितो. ५९ मजले, १९७७ ची इमारत. एका कोपऱ्यात चर्च असल्यामुळे खांब कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्यावर घेतले. रचनाकार विल्यम लेमेझ्युरिए यांच्या १९७८ मध्ये लक्षात आलं की तिरक्या वाऱ्याचा ताण अपेक्षेपेक्षा जास्त आहे आणि सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडले आहेत. त्यांनी ते दडपलं नाही, मालकांना सांगितलं. मग कित्येक आठवडे रोज रात्री कचेऱ्या सुटल्यावर वेल्डर आत शिरायचे, सांध्यांवर दोन इंची पोलादी पट्ट्या जोडायचे आणि सकाळी लोक यायच्या आत आवराआवर. ही गोष्ट जाहीर झाली थेट १९९५ मध्ये.

सगळे लेमेझ्युरिए यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतात, मीही करतो. पण आत काम करणाऱ्या आणि आसपास राहणाऱ्या हजारो लोकांना १७ वर्षं पत्ता नव्हता, हे मला पटत नाही. माहिती रहिवाशांकडे असावी हा धागाकर्त्यांचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

पिठलं_भाकरी

+१. आणि धागा एका दमात वाचला. आमच्या आईला मात्र वाचून दाखवणार नाही, ती ३४ व्या मजल्यावर यायला आधीच तयार नसते.

फ्लॅट_नं_४२०३

इथे सगळे एका बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. मी स्वतः मालक आहे, आयुष्यभराची कमाई घालून घर घेतलंय, कर्ज चालू आहे. उद्या कमिटीने मोजणी केली आणि अहवालात 'अमुक ठिकाणी तडा, तमुक बदल' असं आलं, तो अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, की फ्लॅटची किंमत कोसळली. बँका कर्ज देईनात. तडा तर प्रत्येक इमारतीत असतो. अर्धवट समजलेल्या आकड्यांनी माणसं घाबरतील त्याचं काय? तज्ज्ञांकडेच राहू द्यावं असं मला वाटतं.

मॅनहॅटनचा_वारा

@४२०३, तुमची काळजी खरी आहे. पण सान फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर बघा. ५८ मजले, २००९ चा. पाइल (पायाचे जमिनीत खोल जाणारे खांब) खडकापर्यंत न नेता दाट वाळूच्या थरात थांबवले होते. २०१६ मध्ये रहिवाशांना कळलं तेव्हा इमारत सुमारे ४० सेंटिमीटर खचली होती आणि झुकतही होती. खचणं काही त्या वर्षी सुरू झालं नव्हतं. आधी कळवलं असतं तर किंमत थोडी उतरली असती, कळवलं नाही म्हणून खटल्यांचा डोंगर झाला. २०२१ मध्ये दुरुस्तीचे नवे पाइल घालताना खचणं उलट वाढलं. ते लगेच ध्यानात आलं कारण तोवर रोजची मोजणी चालू होती. काम थांबवलं, योजना बदलली, ५२ ऐवजी १८ पाइल खडकापर्यंत नेले आणि २०२३ मध्ये काम पुरं झालं.

कोपरी_ते_क्योटो

ओसाकात राहते. ११ मार्च २०११ ला मी इथेच होते. भूकंपाचं केंद्र आमच्यापासून पाऊणशे नव्हे, तब्बल ७७० किलोमीटर लांब. रस्त्यावरच्या कित्येकांना काही कळलंही नाही. पण बंदराजवळची साकिशिमा सरकारी इमारत, ५५ मजले, २५६ मीटर, ती मिनिटामागून मिनिटं डुलत राहिली. माथा एका बाजूला सव्वा मीटरहून जास्त जात होता. आतल्या छताची, भिंतींची मोडतोड शेकडो ठिकाणी. लिफ्टमध्ये लोक अडकले. कारण काय, तर तिथल्या मऊ जमिनीची लय आणि इमारतीची लय जवळपास एकच निघाली, सहा-साडेसहा सेकंदांची.

त्यानंतर जपानच्या हवामान खात्याने उंच इमारतींसाठी लांब लयीच्या धक्क्यांची वेगळी चार पायऱ्यांची प्रतवारी आणली. २०२३ पासून ती आगाऊ इशाऱ्यातही धरतात. बऱ्याच नव्या इमारतींत भूकंपानंतर काही मिनिटांत खालच्या कंट्रोल रूमला मजलावार अंदाज दिसतो : कोणत्या मजल्यावर किती विस्थापन झालं, लोकांना आतच ठेवायचं की बाहेर काढायचं. कमिटीला हे जरूर सांगा. ज्या दिवशी धक्का बसेल त्या दिवशी तुमचा कन्सल्टंट शहरातल्या आणखी पन्नास सोसायट्यांना हवा असणार आहे.

बँकॉकवासी

कोपरी ताईंच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. २८ मार्च २०२५ ला म्यानमारचा ७.७ चा भूकंप आम्ही बँकॉकमध्ये हजार किलोमीटरवरून अनुभवला. बांधकाम चालू असलेली सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची तीस-बत्तीस मजली इमारत कोसळली ते सगळ्यांनी पाहिलं. त्यापुढे आमच्यासारख्या लाखो लोकांचा प्रश्न साधा होता : घरी परत जायचं की नाही? आमच्या कॉन्डोच्या जिन्यात भिंतींना एक्सच्या आकाराचे तडे होते. रात्री फुटपाथवर बसलो, मुलं झोपलेली. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, त्याने नखाने प्लास्टर उचकटून आतली वीट दाखवली आणि सांगितलं की ही भराव भिंत आहे, भार घेत नाही, मागचा कॉलम स्वच्छ आहे. मग जीव भांड्यात पडला. पण ज्या इमारतींकडे मोजणीची यंत्रणा होती त्यांना आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना करता आली. आमच्याकडे फक्त त्याचे डोळे होते.

नळ_दुरुस्ती_केंद्र

अवांतर : भूकंप, वारा दूर राहू द्या, आपले लोकच टॉवरला भोकं पाडताहेत. माझा इंटीरियरचा व्यवसाय आहे. हल्लीचे टॉवर अ‍ॅल्युमिनियम शटरिंगचे, मिवान म्हणतात ते. सगळ्या भिंती काँक्रीटच्या, म्हणजे भार घेणाऱ्या. गिऱ्हाईक म्हणतं, ही भिंत पाडून किचन ओपन करा. एसीवाला कोअर कटर घेऊन येतो आणि दाराच्या वरच्या पट्ट्यातून सरळ चार इंची भोक मारतो. तो पट्टा दोन शिअर वॉलना (वारा-भूकंपाचा आडवा जोर घेणाऱ्या भिंतींना) जोडणारा बीम असतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. एकदा आमच्याच कारागिराने फॉल्स सीलिंगच्या बोल्टसाठी छताला ड्रिल लावलं आणि आतून 'खण्ण' असा आवाज आला. पीटी स्लॅब होता (आत ताणलेल्या पोलादी केबल असतात), केबल थोडक्यात वाचली. तेव्हापासून स्कॅनरने केबलच्या रेषा खडूने आखल्याशिवाय मी ड्रिल काढू देत नाही. किती सोसायट्या नूतनीकरणाची परवानगी देताना केबलचा नकाशा देतात? मला आजवर एकीनेही दिलेला नाही.

ओळंबा

नळ_दुरुस्ती_केंद्र, हा प्रतिसाद सोन्याचा आहे, अजिबात अवांतर नाही. सेन्सरला हे कळतच नाही. पन्नास मजल्यांच्या इमारतीत एका बीमला भोक पडलं तर पूर्ण इमारतीच्या लयीत दिसेल असा फरक पडत नाही. चाळीस घरांत पडली तरी कदाचित दिसणार नाही. ते डोळ्यांनी आणि परवानगीच्या रजिस्टरनेच पकडायचं. यंत्रणा बसवली म्हणजे फेरी मारायची गरज संपली, असं कुणी समजू नये.

@४२०३, 'तज्ज्ञांकडेच राहू द्या' यावर : तज्ज्ञ बदलतात, फर्म बंद होतात, माणसं निवृत्त होतात. इमारत ६०-७० वर्षं उभी राहणार आहे. नोंदी सांभाळणारी एकच टिकाऊ जागा म्हणजे सोसायटी.

तौक्तेचा_साक्षीदार

१७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. कुलाब्याला वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. आम्ही वरळीत ४६ व्या मजल्यावर. झुंबर डुलत होतं, कमोडमधलं पाणी कडेपर्यंत चढत-उतरत होतं आणि भिंतीतून करकर आवाज. लिफ्ट बंद ठेवल्या होत्या. बायकोला मळमळायला लागलं. मुंबईतल्या प्रत्येक टॉवरने तो दिवस नोंदवला असता तर विंड टनेलच्या (इमारतीच्या छोट्या नमुन्यावर वारा सोडून केलेल्या चाचणीच्या) अंदाजाशी ताडून बघायची केवढी मोठी संधी होती! आम्ही सोसायटीकडे मागाहून विचारणा केली तर कळलं की यंत्र बसवलंय, पण मेमरी कार्ड भरलं होतं.

बरोबर दुसऱ्या दिवशी, १८ मे ला, चीनमध्ये शेन्झेनचा सेग प्लाझा टॉवर भरदुपारी हलू लागला. ना भूकंप, ना वादळ. लोक पळत सुटले. नंतर सरकारी तपासात निघालं की माथ्यावरच्या उंच मास्टमागे (खांबामागे) वाऱ्याचे भोवरे तयार होऊन तो थरथरत होता, आणि मधल्या वर्षांत मास्ट व इमारत दोन्हींच्या कंपनांचे गुणधर्म बदलल्यामुळे त्यांची लय जुळली. सप्टेंबरात मास्ट उतरवूनच इमारत उघडली. वीस वर्षं शांत उभी असलेली इमारत. लय हळूहळू सरकते आहे हे कोणी पाहत असतं तर!

डोंबिवली_फास्ट_नाही

वाचून मत बरंच बदललं. पण पैशाचा प्रश्न राहतोच. ओळंबा साहेब, अगदी कमीत कमी काय करावं, ते सांगा. गिरणगावकरांचा मूळ प्रश्नही तोच होता.

ओळंबा

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आधी. तळमजल्यावर किंवा बेसमेंटच्या कॉलमवर सेटलमेंट मार्कर, म्हणजे खचणं मोजायच्या खुणा, लावा. पितळी गोल डोक्याचा खिळा, बस्स. बांधकामाच्या वेळी बहुधा लावलेले असतील, प्लास्टरखाली गेले असतील. सर्व्हेअर लेव्हल घेऊन वर्षातून दोनदा मोजेल. संदर्भबिंदू मात्र इमारतीपासून लांब, न खचणाऱ्या जागी हवा. बुर्ज खलिफाच्या ३.७ मीटर जाड राफ्टखालीही (पायाच्या सलग काँक्रीट थराखालीही) खचण्याचा अंदाज आधी मांडला होता आणि बांधकामभर प्रत्यक्ष मोजणीशी ताडला. खचणं सारखं असेल तर इमारत बरंच सोसते. एक बाजू जास्त खचली तर सावध व्हायचं.

दुसरं, सळ्यांची अवस्था. पोडियम, पार्किंगचे स्लॅब, टाक्यांच्या भिंती, टॉवरची पश्चिम बाजू. समुद्राचा खारा वारा तिथे आधी पोचतो. कव्हर मीटर (सळीवर किती काँक्रीट आहे ते मोजणारा) आणि हाफ-सेल. हाफ-सेलमध्ये वजा ३५० मिलिव्होल्टच्या खाली आकडे गेले तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या पुढे धरतात. शिवाय काँक्रीटचा ताजा टवका उडवून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडायचं. गुलाबी झालं तर तिथवर कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची सळी राखण्याची ताकद जाणं) पोचलेलं नाही. कडेला जेवढी पट्टी रंगहीन राहिली तेवढं आत कार्बोनेशन शिरलं. ती पट्टी मिलिमीटरमध्ये मोजून, जागेचा फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी त्याच जागेच्या शेजारी पुन्हा. वेग कळला की सळीपर्यंत पोचायला किती वर्षं उरली ते काढता येतं.

अ‍ॅक्सेलरोमीटर तुमच्याकडे आहेतच, फक्त जिवंत करायचेत. वर्षाची देखभाल लिफ्टच्या वार्षिक करारापुढे (एएमसी) किरकोळ असते.

आणि पैशांबद्दल. सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बहुतेक टॉवरमध्ये ही रक्कम मोठी जमते आणि एफडीत पडून राहते. दुरुस्ती निधीतून हा खर्च सहज निघतो, एजीएमचा ठराव करून घ्या म्हणजे झालं.

एक तारीख विसरू नका. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत सांगाड्यातला दोष दाखवून दिला तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. मोजणीच केली नाही तर दाखवणार काय?

फ्लॅट_नं_४२०३

रेराचा मुद्दा माहीत होता, पण असा जोडून कधी पाहिला नव्हता. आमच्या ताब्याला चौथं वर्ष चालू आहे. अहवाल सभासदांना बैठकीत, इंजिनिअरसमोर वाचून दाखवायचा आणि नुसते आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत, एवढी अट घालून मी पाठिंबा देईन.

कोपरी_ते_क्योटो

ही अट योग्य आहे. इथेही आकड्यांबरोबर अर्थ सांगणारा माणूस असतोच.

गिरणगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा टाकला तेव्हा इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात झालेलं सांगतो. बिल्डरच्या कार्यालयाला लेखी पत्र दिलं : विंड टनेलचा अहवाल, पाइल लोड टेस्ट, क्यूब टेस्टच्या (काँक्रीटच्या ताकदीच्या) नोंदी, बांधकामादरम्यानची सेटलमेंट रीडिंग, प्रत्यक्ष बांधलेले आरसीसी नकाशे आणि पीटी केबलचे नकाशे. पहिलं उत्तर 'हे सोसायटीला द्यायची पद्धत नाही' असं आलं. वकिलामार्फत दुसरं पत्र गेल्यावर नकाशे आणि सेटलमेंट रीडिंग आली. विंड टनेलचा अहवाल अजून यायचाय, तो सोडणार नाही. पेटी कंपनीच्या माणसाकडून उघडून घेतली. यंत्र शाबूत होतं, बॅटरी मेली होती, नोंदी ताबा मिळाल्यानंतरच्या जेमतेम काही महिन्यांच्या. तेवढ्याही आता आमच्याकडे आहेत.

नूतनीकरणाच्या अर्जासोबत त्या फ्लॅटचा केबल नकाशा जोडणं आणि ड्रिलिंगआधी स्कॅन करणं बंधनकारक करणारा ठराव पुढच्या एजीएमला ठेवतोय. ओळंबा साहेब, एक शंका : मार्कर सापडले, पण १४ पैकी ३ पार्किंगच्या रंगकामात घासले गेलेत. नवे लावले तर जुनी रीडिंग वाया जातात का?

ओळंबा

नाही जात. घासलेल्यांच्या शेजारी त्याच कॉलमवर नवे लावा, आणि ज्या दिवशी लावाल त्याच दिवशी उरलेले ११ व नवे ३ एकत्र मोजा. तिथून नव्यांची मालिका सुरू होते. जुने ११ त्यांना पूर्वीच्या रीडिंगशी जोडून घेतात, फक्त त्या तीन कॉलमचं मधल्या काळातलं खचणं आजूबाजूच्या मार्करवरून अंदाजाने धरायचं आणि रजिस्टरमध्ये 'अंदाज' असं स्पष्ट लिहायचं. शक्यतो सकाळी लवकर मोजा, गाड्या बाहेर पडायच्या आत, आणि दर वेळी त्याच महिन्यांत : एक रीडिंग मे अखेरीस, एक ऑक्टोबरात.

नळ_दुरुस्ती_केंद्र

गिरणगावकर, तो ठराव मंजूर झाला की मसुदा इथे टाका. मी काम करतो त्या प्रत्येक सोसायटीत नेऊन देतो.